घरचे असताना परक्यांचा आधार कशाला?

कॅन्सरचं निदान झालं की बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमापट्ट्यात पहिला प्रश्न उभा राहतो तो दिशेचा. औरादचा, भालकीचा माणूस हैदराबाद धरतो नाहीतर लातूर. बसवकल्याणचा सोलापूरकडे निघतो. आळंदचा कलबुर्गीतल्या किडवईच्या केंद्रात जातो किंवा सोलापूरवरून बार्शी गाठतो. ज्याचा मुलगा पुण्या-मुंबईला कामाला असतो, तो थेट परळला, टाटात. प्रत्येक पाहुण्याकडे सुचवायला एक दवाखाना असतोच. दिशा ठरते, फाईल तयार होते, कुठं रान गहाण पडतं, कुठं आयुष्मान कार्डासाठी हेलपाटे सुरू होतात. या धावपळीत रोग्याच्या मनाचं काय, असं कोणी विचारत नाही, आणि विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं : घरचे आहेत की सगळे. या उत्तराशी हा संवाद आहे, आणि त्यात माझी बाजू आहे ती रोग्यांनी एकमेकांना धीर देणाऱ्या आधारगटाची. यातले अण्णा ही कोणी एक व्यक्ती नव्हे. या भागात घरोघरी, शाळेच्या स्टाफरूममध्ये, देवळाच्या पारावर जे बोललं जातं ते मी त्यांच्या तोंडी घातलं आहे, आणि ते कच्चं करून घातलेलं नाही, कारण त्या बोलण्यात दम आहे.

अण्णा : अक्का, अनोळखी माणसं गोळा करून त्यांच्याकडून धीर घ्यायचा, ही शहराची गरज आहे. तिथं शेजारच्या दारामागं कोण राहतं ते ठाऊक नसतं. आपल्याकडं माणूस दवाखान्यात पडला की चुलतघरातून डबा येतो, भावकीतली पोरं गाडी करून रक्त द्यायला जातात, माहेरची माणसं महिना महिना येऊन राहतात. मनाला उभारी पाहिजे तर माणिकनगर आहे, गाणगापूरच्या पादुका आहेत, खाजा बंदेनवाजांचा दर्गा आहे, गावात एकादशीचं भजन आहे. जिथं बसवण्णांच्या अनुभव मंटपात सगळ्या जातींचे शरण एकत्र बसले, त्या मातीतल्या माणसाला चारचौघांत बसून बोलायला बाहेरच्यानं शिकवावं का? आणि दुसरं सांगतो. हा रोग झाकून ठेवायचा असतो. बाहेर कळलं की पोरीचं लग्न अडतं, दुकानाचं गिऱ्हाईक तुटतं, बाईचा पाण्याचा तांब्या वेगळा होतो. तुमच्या त्या गटात जाऊन बसायचं म्हणजे हे सगळं आपण होऊन अंगावर घ्यायचं.

मी : भावकीच्या डब्याला पर्याय नाही अण्णा, आणि गाणगापूरहून माणूस शांत होऊन येतो हेही मला मान्य आहे. किमोची तारीख चुकत नसेल तर जरूर जावं. माझं म्हणणं सुरू होतं ते घराला काय जमत नाही तिथून. घरचे स्वतःच घाबरलेले असतात. नवरा बाहेर जाऊन डोळे पुसतो, मुलगा हसून बोलतो, आणि त्यांचे चेहरे वाचून रोगी ठरवतो की आपल्याला काय वाटतंय ते यांना सांगायचं नाही. सांभाळायची वेळ ज्याची असते तोच सांभाळणाऱ्यांना सांभाळत बसतो. रात्री झोप लागत नाही, रोग परत येईल का, आपल्यामागं पोरांचं काय, हे तो उशीशी बोलतो. घरच्यांचं प्रेम कमी असतं म्हणून असं होत नाही, ते फार असतं म्हणून होतं. जो माणूस तेच भोगून बाहेर आलाय, त्याच्यापुढं हे बोलता येतं, कारण त्याला ऐकून धक्का बसत नाही आणि तो रडून आपल्यालाच समजूत घालायला लावत नाही.

आणि दुःख नुसतं मोठ्या शब्दांत नसतं, बारीकसारीक अडचणींत असतं. स्तन काढलेली बाई दवाखान्यातून घरी येते. एका बाजूनं ब्लाऊज पोकळ, खांदा एकीकडे ओढल्यासारखा, आणि चारचौघींत पदर सावरता सावरता जीव मेटाकुटीला. आत काय भरावं, कापूस भरला तर तो हलका पडून वर सरकतो त्याचं काय करावं, हे तिनं सासूला विचारावं की दिराला? काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात पुढं सुजू शकतो. त्या हातावर इंजेक्शन घेऊ नये, रक्तदाब मोजू देऊ नये, भरलेली घागर उचलू नये, खुरपताना काटा लागला, चीर पडली तर दुर्लक्ष करू नये. हे डिस्चार्जच्या कागदावर असतं, बहुधा इंग्रजीत. तोंडाला लाईट म्हणजे रेडिएशन घेतलेल्या माणसाची लाळ आटते, ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नाही, ताकात कुस्करलेला भातसुद्धा झोंबतो. जबडा आखडू नये म्हणून लाकडाच्या चपट्या पट्ट्या एकीवर एक ठेवून दातांच्या फटीत रोज धरायच्या असतात, हळूहळू एकेक पट्टी वाढवत. दुखतं म्हणून माणूस ते सोडून देतो आणि तोंड उघडेनासं होतं. ज्यानं सहा महिने त्या पट्ट्या धरल्या आणि आज तो भाकरी खातो, असा माणूस समोर बसला तर त्याचा शब्द फिजिओथेरपीच्या कागदापेक्षा जास्त काम करतो. आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर पिशवी लागलेल्या माणसाला एसटीत बसायची भीती वाटते ती वासाची. भजनात हे बोलता येत नाही अण्णा. मंटपाचा मला अभिमान आहे, पण मंटप होता म्हणून आज पिशवी लागलेल्या माणसाला बसायला जागा मिळत नाही.

शिवाय आधारगटाची ही कल्पना कुणा मानसोपचारतज्ज्ञाच्या डोक्यातून आलेली नाही. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरीज लॅसर नावाच्या बाईनं, स्वतःचं स्तनाचं ऑपरेशन झाल्यावर, तशाच दुसऱ्या बायांच्या खाटेपाशी जाऊन बसायला सुरुवात केली. हाताचे व्यायाम, आतून काय घालायचं, नवऱ्याशी कसं बोलायचं, हेच ती सांगायची. तिला दवाखान्यांनी विरोध केला. पुढं १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं तेच काम आपलं म्हणून स्वीकारलं. आपल्याकडं दिल्लीत १९९१ साली हरमाला गुप्तांनी 'कॅन्सर सहयोग' सुरू केलं, मुंबईत १९९४ साली वंदना गुप्तांनी 'व्ही केअर'. दोघीही कॅन्सरमधून उठलेल्या.

अण्णा : मुंबई-दिल्लीचं राहू द्या. मला सांगा, यानं रोग बरा होतो का? मन खंबीर ठेवा म्हणजे कॅन्सर पळून जातो, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते रोग औषधानं बरा होतो, आणि नसेल व्हायचा तर बोलून काही होत नाही. उलट, पाच जण एका खोलीत बसले, त्यातला एक पुढच्या महिन्यात गेला, तर उरलेल्या चौघांचं काय होईल? आपलं रडगाणं पुरे नाही म्हणून दुसऱ्याचं कशाला ऐकायचं?

मी : यावर खरं तेच सांगितलं पाहिजे, आणि ते जसं आहे तसं सांगते. १९८९ साली डेव्हिड स्पीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास छापला. स्तनाचा कॅन्सर शरीरात इतरत्र पसरलेल्या ८६ बाया होत्या. त्यांच्यातल्या काहींना वर्षभर दर आठवड्याला गटात बसवलं, बाकीच्यांना नाही. गटात बसलेल्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, न बसलेल्या १८.९ महिने. जगभर चर्चा झाली. पण विज्ञानात एका अभ्यासावर कोणी थांबत नाही. २००१ साली कॅनडातल्या पामेला गुडविन आणि सहकाऱ्यांनी अशाच २३५ बायांवर तसाच प्रयोग करून पाहिला, आणि आयुष्य वाढल्याचं काही दिसलं नाही. दोन्हीकडचा काळ जवळजवळ सारखा निघाला. पुढं २००७ साली स्पीगल यांच्या स्वतःच्या दुसऱ्या अभ्यासातही सरसकट आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. तेव्हा गटानं आयुष्य वाढतं असं कोणी सांगत असेल तर तो फसवतोय. आणि ही फसवणूक साधी नाही. रोग उलटला की तीच गोष्ट रोग्याच्या माथी येते : तूच मन घट्ट ठेवलं नाहीस. आधीच मोडलेल्या माणसावर हा दोष ठेवायचा हक्क कुणाला नाही.

पण गुडविन यांच्या त्याच अभ्यासात दुसरी गोष्ट दिसली, ती कुणी फारशी सांगत नाही. गटातल्या बायांच्या मनाचा त्रास कमी झाला, दुखणंही कमी जाणवलं, आणि सुरुवातीला ज्या सगळ्यात जास्त खचलेल्या होत्या त्यांना याचा सगळ्यात जास्त फायदा झाला. लक्षात घ्या, या सगळ्या अशा बाया होत्या की ज्यांच्या गटातून माणसं जात होती. तुम्ही विचारलंत, एक गेली तर उरलेल्यांचं काय. उरलेल्यांनी तिच्याबद्दल बोललं, स्वतःच्या मरणाबद्दल बोललं, आणि तरी त्यांचं मन हलकं झालं. मरणाचा विषय टाळला की भीती जात नाही, ती एकट्यानं भोगावी लागते. मात्र एक काळजी घ्यायला हवी. कालच निदान झालेला माणूस आणि शेवटच्या टप्प्यातला माणूस यांना पहिल्याच दिवशी एका सतरंजीवर बसवू नये. दोघांचे प्रश्न वेगळे असतात, त्यांची वेळही वेगळी ठेवावी. जगण्याचे दिवस वाढले नाहीत म्हणून ते दिवस कसे जातात याला किंमत नाही, असं तुम्हीही म्हणणार नाही. दुखणं कमी करायच्या गोळीला आपण कधी विचारतो का, तू आयुष्य किती वाढवतेस?

अण्णा : बरं, एवढं धरून चालू. पण मग तुमचं म्हणणं असं झालं की प्रत्येक रोग्याला गटात घालावं.

मी : नाही. इथं तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच तुमच्यापुढं ठेवते. अमेरिकेत विकी हेल्गेसन आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या ३१२ बायांवर अभ्यास केला, तो १९९९ पासून छापून आला. काही बायांना आठ आठवडे नुसती माहिती दिली : रोग काय, उपचाराचे परिणाम काय, काय खायचं, शरीराकडं कसं पाहायचं. काहींना नुसतं एकत्र बसून मन मोकळं करायला दिलं. काहींना दोन्ही. काहींना काहीच नाही. माहिती मिळालेल्या बायांची स्थिती सुधारली, आणि तो फायदा टिकला. नुसतं मन मोकळं करणाऱ्यांना, सगळ्या मिळून पाहिलं तर, काही फायदा दिसला नाही. मग त्यांनी २००० साली आणखी खोलात पाहिलं. ज्यांना नवऱ्याचा, डॉक्टरचा आधार नव्हता त्यांना बोलण्याच्या गटानं मदत झाली होती. ज्यांच्या घरी भरपूर आधार होता त्यांना त्याच गटानं थोडं नुकसानच केलं होतं. तुमचं 'घरचे आहेत की सगळे' हे उत्तर ज्या घरात खरं आहे, तिथं गटाचा आग्रह धरायचं कारण नाही.

पण मग प्रश्न फिरतो आणि तो आपल्याला विचारावा लागतो : ज्यांच्या घरी तो आधार नाही, ते कोण? आपल्या पट्ट्यात शोधायला लांब जावं लागत नाही. विधवा बाई, जी दिराच्या घरी अंग चोरून राहते. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला म्हणून 'बरी होऊन ये' असं सांगून माहेरी पाठवलेली सून. ऊसतोडीला किंवा हैदराबादला बांधकामावर गेलेल्या मुलांचे म्हातारे आईवडील. तांड्यावरची बाई, जिची घरची भाषा दवाखान्यात कोणालाच येत नाही. आणि बापे. गुटखा-तंबाखूनं तोंडाला आलेल्या माणसाला घरात सगळे सांभाळतात, पण प्रत्येक घासाला ऐकवतातही की सांगत होतो ना, सोड म्हणून. तो गप्प बसतो, कारण ते खरं असतं. त्याला दोष न देता ऐकणारा माणूस घरात मिळणं अवघड असतं, त्याच पुडीतून त्याच रोगाला पोचलेल्या दुसऱ्या माणसात तो मिळतो. या अभ्यासातून मी दोन गोष्टी घेते. गट सक्तीचा नको, पण ज्याचं कोणी नाही त्याच्यापर्यंत तो आधी पोचला पाहिजे. आणि गटात नुसतं बोलणं नको, जाणकार नर्सकडून खरी माहितीही हवी. नर्स नसलेला गट मी सुरूच करू नये म्हणेन.

अण्णा : कागदावर चांगलं आहे. पण गावात हे चालणार कसं? अमुकच्या सुनेला काय झालंय हे संध्याकाळपर्यंत किराणा दुकानात पोचतं. गटात कोणाशेजारी कोण बसणार, हा प्रश्न निघेल. मराठीत बोललं तर कानडीवाले म्हणतील यात काही राजकारण आहे. १९५६ पासून आपण या भाषेच्या वादातच आहोत.

मी : म्हणून गट गावात नको. बचत गटात बसवा असं सोपं उत्तर कोणी देईल, पण बचत गट गावचाच असतो, तिथं उसनवारी असते, भांडणं असतात, आणि एकीचं गुपित दुसरीच्या हातात जातं. गट तालुक्याला किंवा जिल्ह्याला हवा, जिथं आपल्या गावचं सहसा कोणी दिसत नाही आणि दिसलंच तर तेही त्याच कारणानं आलेलं असतं. जायचं कसं हा प्रश्न पूर्वी मोठा होता. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेनं बायांना राज्याच्या साध्या एसटीचा प्रवास फुकट झाला आहे. औरादची बाई बीदरला, आळंदची बाई कलबुर्गीला पैसे न मोजता जाऊ शकते. ही सोय सोलापूर-बार्शीला जाणाऱ्या एसटीला सीमेपलीकडं नाही. म्हणून उपचार कुठल्याही दिशेला झाला तरी गट इथंच, आपल्या बाजूला हवा. आपले रोगी इतक्या दिशांना विखुरतात की कुठल्याच मोठ्या दवाखान्याच्या गटात ते टिकत नाहीत. मुंबईला आठवडाभर राहिलेला माणूस तिथल्या गटात एकदा बसेल, पण त्याची खरी कसोटी गावी परतल्यावर लागते, पहिल्या सहा महिन्यांत. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरचं डे-केअर केंद्र काढायचं जाहीर झालं आहे. ती केंद्रं निघाली तर गटाची जागा आपोआप ठरते. किमोचं सलाईन दोन-चार तास चालतं. शेजारशेजारच्या खाटांवर तीच माणसं दर तीन आठवड्यांनी येतात. त्यांना एकमेकांची ओळख करून द्यायला आणि नंतर एक खोली उघडून द्यायला फार पैसा लागत नाही.

बाया असल्या गोष्टी बोलायला पुढं येत नाहीत, ही समजूतही मला पटत नाही. आपल्या शेजारच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा जगप्रसिद्ध अभ्यास झाला. तो २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. ५२ गावसमूह, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बाया. ज्यांना तपासणीला बोलावलं त्यांतल्या बहुसंख्य आल्या, आणि एचपीव्ही चाचणीच्या गटात वाढलेला कॅन्सर आणि मृत्यू दोन्ही जवळपास निम्म्यावर आले. उमरग्याच्या अलीकडं आणि पलीकडं राहणाऱ्या बायांची लाज काही वेगळी नसते. समजावून सांगणारी बाई घरी आली, विश्वास बसला, तर अंगावरून जाण्याबद्दलही बोललं जातं. हे काम आज आशाताई करू शकतात. निदानाचा कागद हातात आला त्याच आठवड्यात त्यांनी गटाची वार-वेळ घरी जाऊन सांगावी, आणि ती एकट्या रोग्याला सांगावी.

भाषेचं म्हणाल तर मी गट भाषेचा म्हणत नाही, रोगाचा म्हणते. आपल्याकडं बहुतेक लोक दोन भाषा बोलतात, तिसरी समजतात, आणि अडलं तर दखनी सगळ्यांना येते. ज्याला ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेत त्यानं बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं. जातीचं अवघड आहे, ते मी सोपं करून सांगणार नाही. पहिल्या दिवशी लोक अंतर ठेवूनच बसतील. पण ज्यांच्या घरात त्यांचंच ताट-तांब्या वेगळा झालाय, या रोगाचा संसर्ग होत नाही हे कळूनही झालाय, ती माणसं विटाळ म्हणजे काय हे स्वतःच्या अंगावर शिकलेली असतात. त्यांच्याकडून मला थोडी जास्त आशा आहे.

अण्णा : आणि हे चालवणार कोण? डॉक्टरला मान वर करायला फुरसत नाही. रिकामी जागा दिसली की तिथं बुवा शिरतो, औषधाचा एजंट शिरतो. कोणी सांगेल किमो सोडा, पपईच्या पानांचा रस घ्या. कोणी सांगेल तपासायला तुकडा काढला की गाठ पसरते. अडाणी माणसं एकमेकांना बुडवतील.

मी : ही भीती मला सगळ्यात खरी वाटते. म्हणूनच नर्सची अट मी आधी घातली. गटात औषध कोणी कुणाला सुचवायचं नाही, कुणाची वस्तू विकायची नाही, आणि इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, एवढं पहिल्या बैठकीत ठरवावं आणि मोडणाऱ्याला गटाबाहेर काढावं. तुकडा काढल्यानं गाठ पसरते ही अफवा मोडायला तरी, तुकडा काढून दहा वर्षं झालेली बाई समोर बसलेली असण्यापेक्षा चांगला उपाय मला दिसत नाही. आज ती अफवा गावात एकटीच फिरते, तिला उत्तर द्यायला कोणी नसतं.

साधी माणसं शिकवली तर किती करू शकतात, याचा पुरावा आपल्याच शेजारात आहे. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. सरकारी केंद्रांत नैराश्य आणि चिंता असलेल्या लोकांना त्याचा स्पष्ट फायदा झाल्याचं २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. केरळात १९९९ पासून मलप्पुरमच्या बाजूला गावकऱ्यांनीच घरोघरी जाऊन अखेरच्या आजारातल्या माणसांची सेवा उभी केली. आणि आपल्या मराठी मुलखात मुक्तांगण आहे. १९८६ साली पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी ते सुरू केलं. तिथं व्यसनातून बाहेर आलेला माणूसच नव्या माणसाचा हात धरतो, आणि व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट वेगळा आहे. सुनंदाताईंना पुढं कॅन्सर झाला, त्या आजारातही त्यांनी ते काम चालू ठेवलं, १९९७ साली त्या गेल्या. मुक्तांगणकडून मी 'सहचरी'ची कल्पना आधी उचलेन. तोंडाच्या कॅन्सरच्या माणसाला नाकातल्या नळीतून दर दोन तासांनी पातळ अन्न घालणारी त्याची बायको असते. तिचा रोज बुडतो, तिची झोप जाते, आणि तिला कशी आहेस असं कोणीही विचारत नाही. तुमची घरची माणसं टिकायची असतील अण्णा, तर त्यांच्यासाठीही एक सतरंजी घालावी लागेल.

अण्णा : तुमचं बरंचसं मला पटलं असं धरा. तरी एक गोष्ट अडते. गटात जायचं म्हणजे रोग्याला आपला रोग माहीत पाहिजे. आपल्याकडं निम्म्या घरांत सांगतच नाहीत. 'साधी गाठ आहे' म्हणून नेतात, 'अंगात उष्णता वाढली' म्हणून केस गळाल्याचं सांगतात. आईला खरं सांगितलं तर ती त्याच रात्री अन्न सोडेल, ही भीती खोटी नाही.

मी : खोटी नाही. पण तिला खरंच माहीत नसतं का, हे एकदा पाहा. दवाखान्याच्या फाटकावर मोठ्या अक्षरात नाव असतं. वाचता आलं नाही तरी शेजारच्या खाटेवरचे लोक असतात. डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया रांगेत असतात. बहुतेकींना कळतं, आणि घरचे लपवताहेत म्हणून त्याही माहीत नसल्याचं दाखवतात. लपवून रोग लपत नाही, फक्त त्याच्यावर बोलणं बंद होतं. आपल्या सीमाभागात हे आणखी सहज घडतं, आणि त्याचं कारण भाषा आहे. डॉक्टर हैदराबादला तेलुगू-इंग्रजीत बोलतो, बेंगळूरूला कन्नड-इंग्रजीत. आई मराठी. मधे दुभाषी म्हणून उभा असतो मुलगा किंवा भाचा. डॉक्टर दहा वाक्यं बोलतो, मुलगा त्यातली तीन आईपर्यंत पोचवतो आणि नेमका तो शब्द गाळतो. तो वाईट नसतो, त्याच्यानं तो शब्द उच्चारवत नसतो. पण पंचवीस वर्षांच्या पोरावर हे काम टाकणं हा त्याच्यावरही अन्याय आहे.

सगळं एका दमात सांगा असं मी म्हणत नाही. काही माणसांना खरोखर जाणून घ्यायचं नसतं. 'माझ्या मुलाला सांगा, मला नको' असं ती स्पष्ट म्हणत असेल तर तिथं थांबावं. मग गट नाही, घरच तिचा आधार, आणि त्यात काही कमीपणा नाही. पण तुम्हाला किती जाणून घ्यायचंय, हे तिला एकदा विचारलं गेलं पाहिजे. मुलाला बाहेर नेऊन विचारलेलं चालणार नाही. आणि डॉक्टरला मराठी येत नसेल तर मधे मुलगा नको. वॉर्डातली मराठी जाणणारी नर्स बोलवावी, ब्रदर बोलवावा, आणि कोणीच नसेल तर त्याच रोगातून उठलेली भालकीची नाहीतर बसवकल्याणची बाई फोनवर घ्यावी. गटानं कामाला सुरुवात करायची तर ती इथूनच करता येईल : अशा बायांची नावं आणि कोणती भाषा कोणाला येते याचा एक कागद, त्यांना विचारून लिहिलेला, ओपीडीच्या टेबलावर.